आयबीआर: गायी-म्हशींतला हर्पिस, त्याचं पेशीतलं चक्र आणि गोठ्यातले निर्णय

चंदी (धागाकर्ता)

गोठ्यात दोन-तीन गायी पाचव्या ते आठव्या महिन्यात गाभडतात, ब्रुसेला (गाभडवणारा जंतू) निगेटिव्ह येतो आणि रिपोर्टच्या खालच्या ओळीत 'आयबीआर पॉझिटिव्ह' दिसतं. मग पुढचे प्रश्न ठरलेले असतात. औषध काय? गाय विकू का? दूध प्यायचं का?

शेवटच्याचं उत्तर सोपं आहे. हा विषाणू माणसाला होत नाही. दूध उकळायचं ते ब्रुसेला आणि क्षयासाठी, यासाठी नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र विषाणू जनावराच्या शरीरात नेमका कुठे राहतो यावर अवलंबून आहेत, म्हणून हा धागा.

आयबीआर म्हणजे इन्फेक्शियस बोव्हाइन रायनोट्रॅकिआयटिस, विषाणूचं नाव बोव्हाइन हर्पिसव्हायरस-१. माणसाच्या ओठावर तापाचे फोड आणतो तो हर्पिस सिम्प्लेक्स आणि कांजिण्यांचा विषाणू, हे दोघे आणि हा एकाच उपकुळातले, अल्फा हर्पिस. भारतात तो पहिल्यांदा वेगळा केल्याची नोंद १९७६ ची, उत्तर प्रदेशातली. आज संकरित गायी जिथे दाटीने बांधल्या जातात तिथे तो आहेच असं धरून चालावं.

आजाराची रूपं अनेक. श्वसनाचं रूप: संसर्गानंतर २ ते ४ दिवसांत ताप (४०.५ ते ४२ अंश सेल्सिअस), नाकातून आधी पाण्यासारखा आणि मग घट्ट पिवळसर स्राव, नाकाची आतली त्वचा लालबुंद, त्यावर पांढरट चट्टे, लाळ, दूध एकदम उतरणं. डोळ्याचं रूप: पापण्यांच्या आतली लाली आणि पाणी. इथे डोळ्याच्या मधोमध पांढरा व्रण दिसला तर आधी मोराक्सेलाचा जंतू आठवा, कारण आयबीआरमध्ये बुबुळाच्या केंद्रापासून व्रण सुरू होत नाही. जननेंद्रियाचं रूप: योनीत किंवा वळूच्या शिस्नावर फोड-पुटकुळ्या. आणि गाभडणं, बहुतेक चौथ्या ते आठव्या महिन्यात, मागोमाग वार अडकणं.

पण बहुतांश जनावरांत आजार इतका सौम्य असतो की मालकाला 'दोन दिवस जरा कमी खाल्लं' एवढंच आठवतं. मृत्यू होतात ते प्रामुख्याने मागून येणाऱ्या मॅनहायमिया आणि पाश्चुरेला जंतूंच्या न्यूमोनियाने. लक्षणं ओसरल्यावर जनावर 'बरं' होतं, विषाणू मात्र जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठीत आयुष्यभर राहतो. श्वसनमार्गाने आला असेल तर डोक्यातल्या ट्रायजेमिनल गाठीत, जननमार्गाने आला असेल तर माकडहाडाजवळच्या सॅक्रल गाठीत.

या धाग्यावर त्यावरच बोलू. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीचे प्रश्न कृपया वेगळ्या धाग्यावर.

पेशीकेंद्र

चंदी, पेशीतलं चक्र मी लिहितो. हे नीट कळलं की अर्धे 'का' आपोआप सुटतात.

विषाणूचा कण साधारण १५० ते २०० नॅनोमीटरचा. सर्वांत आत एकच लांब दुपदरी डीएनए, सुमारे १,३५,००० अक्षरांचा आणि सुमारे ७० जनुकांचा. त्याभोवती वीस पृष्ठांचं प्रथिन-कवच. कवचाभोवती टेग्युमेंट नावाचा प्रथिनांचा थर. आणि सगळ्यात बाहेर चरबीचं आवरण, ज्यात ग्लायकोप्रथिनांचे काटे रोवलेले: जी-बी, जी-सी, जी-डी, जी-ई वगैरे. ही नावं लक्षात ठेवा, रिपोर्टवर हीच येतात.

पहिली पायरी चिकटण्याची. जी-सी आणि जी-बी पेशीच्या पृष्ठभागावरच्या हेपरान सल्फेटला सैल पकडतात. मग जी-डी नेक्टिन-१ या ग्राहकाला घट्ट धरतं, आणि जी-बी व जी-एच/जी-एल मिळून दोन्ही पडदे एकमेकांत विलीन करतात. जी-डी किंवा जी-बी नसलेला कण आत शिरू शकत नाही. जी-ई नसलेला मात्र शिरतो आणि वाढतोही, फक्त एका पेशीतून शेजारच्या पेशीत आणि मज्जातंतूतून पसरण्यात कमी पडतो. मार्कर लस (जी-ई वगळून बनवलेली) नेमकी या फटीवर उभी आहे.

दुसरी पायरी केंद्रकापर्यंतची. कवच पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून केंद्रकाच्या छिद्रापर्यंत जातं आणि डीएनए आत सोडतं. कवच बाहेरच राहतं. आत डीएनएची दोन टोकं जुळून वर्तुळ होतं.

तिसरी पायरी जनुकं चालू होण्याची, आणि ती काटेकोर क्रमाने होते. टेग्युमेंटमधून आलेलं व्हीपी-१६ हे प्रथिन 'तात्काळ' गटातली जनुकं सुरू करतं. त्यांची प्रथिनं 'लवकर' गट सुरू करतात, म्हणजे डीएनए पॉलिमरेज, थायमिडिन कायनेज अशी डीएनए बनवायची यंत्रणा. डीएनए वाढू लागला की 'उशिरा' गट, म्हणजे कवच आणि काटे. एक गट अडला की पुढचा गट चालत नाही.

डीएनएच्या प्रती सुट्या सुट्या बनत नाहीत, एकामागून एक जोडलेली लांबलचक साखळी तयार होते. टर्मिनेज हे विकर ती साखळी मापाने कापत प्रत्येक तुकडा रिकाम्या कवचात कोंबतं. भरलेलं कवच केंद्रकाच्या आतल्या पडद्यातून एक तात्पुरतं आवरण घेतं, बाहेरच्या पडद्याशी ते सोडून देतं, पेशीद्रवात येतं, आणि गॉल्जीच्या पडद्यांतून खरं आवरण घेऊन बाहेर पडतं. प्रयोगशाळेतल्या पेशींत पहिले नवे कण साधारण १०-१२ तासांत दिसू लागतात आणि पेशी मरते.

हे झालं नाकाच्या आवरणातल्या पेशींत. त्याच पेशींमध्ये मज्जातंतूंची टोकं असतात. विषाणू त्यात शिरला की कवच उलट्या दिशेने, तंतूमधून गाठीतल्या पेशीच्या केंद्रकापर्यंत प्रवास करतं. तिथे डीएनए वर्तुळ होऊन गुंडाळून बसतो. 'तात्काळ' गट बंद. जवळपास एकाच भागाची, लेटन्सी-रिलेटेड जनुकाची, आरएनए बनत राहते, जी गाठीतल्या पेशीला मरू देत नाही. कण नाही, काटे नाहीत, म्हणून प्रतिकारशक्तीला पकडायला काहीच नाही.

खरारा

जबरदस्त. आता गोठ्यातला प्रश्न. असायक्लोव्हिर माणसाला चालतं, मग गायीला का नाही? औषध दुकानवाले सर्रास सुचवतात.

पेशीकेंद्र

तीन कारणं. एक, असायक्लोव्हिर स्वतः काही करत नाही. विषाणूच्या थायमिडिन कायनेजने त्याला पहिला फॉस्फेट जोडला तरच ते डीएनए पॉलिमरेजला अडवतं. गायीच्या या विषाणूवर त्याचा परिणाम माणसाच्या हर्पिस सिम्प्लेक्सपेक्षा बराच कमी आहे. दोन, ४००-५०० किलोच्या जनावराला पुरेशी मात्रा दिवसातून अनेकदा देणं खर्चात बसत नाही. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, गाठीत बसलेला विषाणू डीएनए बनवतच नाही. जे काम चाललेलंच नाही ते औषध थांबवणार कसं? वाहक गायीला वाहकपणातून मुक्त करणारं औषध आजमितीस नाही.

चंदी

सहमत. आजारी जनावराचा उपचार म्हणजे ताप-सूज उतरवणं (मेलॉक्सिकॅम ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो), पाणी पाजणं, हवेशीर जागा, आणि न्यूमोनियाची चिन्हं असतील तर डॉक्टरांनी निवडलेलं प्रतिजैविक पूर्ण दिवस. प्रतिजैविक विषाणूसाठी नसतं, मागून येणाऱ्या जंतूंसाठी असतं. दोन इंजेक्शनांत ताप उतरला म्हणून सोडून देणारे तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन करतात.

खरारा

रिपोर्टबद्दल सांगा. 'जी-बी पॉझिटिव्ह' आणि 'जी-ई निगेटिव्ह' असं एकाच गायीचं असू शकतं का? आणि पाच महिन्यांची कालवड पॉझिटिव्ह आली तर ती आजारी धरायची का?

शीतपेटी

असू शकतं. जी-बी एलायझा (प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी) सर्वात संवेदनशील. विषाणू आला असो किंवा कुठलीही लस दिली असो, जी-बी विरुद्ध प्रतिपिंडं होतातच. जी-ई एलायझा फक्त जंगली विषाणूचा माग काढते, कारण मार्कर लशीत जी-ई नसतं. म्हणून:

दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर जंगली संसर्ग झालेला आहे, जनावर वाहक धरायचं. नाकात आत्ता विषाणू असो वा नसो.

जी-बी पॉझिटिव्ह, जी-ई निगेटिव्ह असेल तर मार्कर लस दिलेली आहे का ते विचारा. लस दिलीच नसेल तर संसर्ग ताजा असू शकतो. जी-ई विरुद्धची प्रतिपिंडं जी-बीच्या मागून येतात, त्यामुळे ४ ते ६ आठवड्यांनी परत रक्त घ्या. जी-ई चाचणी मुळातच थोडी कमी पकडते, हेही ध्यानात असू द्या.

दोन्ही निगेटिव्ह म्हणजे बहुधा स्वच्छ. पण संसर्गानंतर प्रतिपिंडं यायला ७ ते १४ दिवस लागतात, त्यामुळे काल बाजारातून आणलेल्या गायीचा निगेटिव्ह रिपोर्ट अर्धाच खरा. आणि एक कटकटीचा प्रकार: चिकाच्या संरक्षणाखाली असताना वासराला संसर्ग झाला तर कधी कधी त्याची स्वतःची प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. चिकाची संपली की चाचणी निगेटिव्ह, पण गाठीत विषाणू. थोडे असतात, पण असतात.

पाच महिन्यांच्या कालवडीतली प्रतिपिंडं आईच्या चिकाची असू शकतात. ती साधारण ६ महिन्यांपर्यंत, काहींत त्याहून जास्त टिकतात. त्या वयात निर्णय घेऊ नका, ९ महिन्यांची झाली की तपासा.

म्हैसवाल्यांसाठी वेगळी टीप: म्हशीचा स्वतःचा बबलाइन हर्पिसव्हायरस-१ आहे, आणि जी-बी चाचणी त्यालाही पॉझिटिव्ह येते. म्हशीच्या जी-बी रिपोर्टवरून 'गायीचा आयबीआर' असा शिक्का मारू नका.

गव्हाणी

शीतपेटी, नमुने कसे घ्यायचे तेही लिहा ना. आमच्याकडून गेलेले अर्धे नमुने 'तपासणीस अयोग्य' म्हणून परत येतात.

शीतपेटी

रक्त: ५ मिली, साध्या किंवा क्लॉट अॅक्टिवेटरच्या लाल झाकणाच्या नळीत. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी सीरमसाठी चालत नाही. नळी तिरकी ठेवून सावलीत तास-दोन तास गोठू द्या, सुटलेलं सीरम दुसऱ्या नळीत काढा. अख्खं रक्त गोठवलं की तांबड्या पेशी फुटतात, सीरम लाल होतं आणि एलायझा बिघडते. अयोग्य नमुन्यांचं हे पहिलं कारण. उशीर होणार असेल तर सीरम उणे २० ला, नाहीतर बर्फाच्या पिशव्यांत ४ अंशाला. नळीवर बिल्ल्याचा क्रमांक वॉटरप्रूफ पेनाने. चिकटपट्टीवरची शाई ओल्या बर्फात पुसते.

नाकाचा नमुना: ज्यांना अजून पाण्यासारखाच स्राव येतोय अशा ५ ते १० जनावरांचे घ्या. घट्ट पू येऊ लागला की विषाणू कमी, जंतू जास्त. बोळा नाकपुडीत खोल घालून भिंतीवर जोर देऊन घासा, नुसता शेंबूड टिपू नका. लगेच प्रतिजैविक आणि २ टक्के वासराचं सीरम असलेल्या वाहक द्रवात, ४ अंशाला, शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत. कोरडा बोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत पाठवला तर निकालाची आशा नको.

गाभडलेलं वासरू: फुफ्फुस, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड आणि वारेतल्या गाठी. प्रत्येकाचा एक तुकडा बर्फावर पीसीआरसाठी (विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी), एक १० टक्के फॉर्मलिनमध्ये. फॉर्मलिनमधला तुकडा विषाणू वाढवायला चालत नाही. हातमोजे आणि मास्क घालूनच, कारण ब्रुसेला अजून नाकारलेला नसतो.

आणि एक गोष्ट जी रिपोर्ट वाचताना हमखास चुकते. विषाणू गायीत आल्यानंतर गाभडायला कित्येक आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. गाभडण्याच्या दिवशी गायीची प्रतिपिंडं आधीच वर चढून बसलेली असतात. त्यामुळे २-३ आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेऊन चौपट वाढ शोधायची युक्ती श्वसनाच्या रूपात चालते, गाभडण्यात बऱ्याचदा चालत नाही. गाभडलेली गाय पॉझिटिव्ह आली म्हणजे आयबीआरनेच गाभडली असं सिद्ध होत नाही, ती चार वर्षांपूर्वीची वाहकही असेल. ती निगेटिव्ह आली तर मात्र आयबीआर जवळपास बाद. कारण ठरवायचं तर वासराच्या अवयवांचा पीसीआर हवा.

नमुने जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयामार्फत पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. सोबत गाभण महिना, लसीकरण आणि आजाराची तारीख लिहिलेला कागद असू द्या. तो नसेल तर प्रयोगशाळा फक्त आकडा देऊ शकते, अर्थ सांगू शकत नाही.

गव्हाणी

उपयुक्त! आता वादाचा मुद्दा. किटोसिस (व्याल्यानंतर ऊर्जा कमी पडून होणारा आजार) झालेल्या गायीला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, दुसऱ्याच दिवशी खायला लागते. आयबीआर पॉझिटिव्ह गोठ्यात ते देऊ नका असं वाचलं. अतिशयोक्ती आहे की खरं?

पेशीकेंद्र

यंत्रणा अगदी खरी आहे. गाठीत झोपलेल्या विषाणूला उठवायचा प्रयोगशाळेतला ठरलेला मार्गच डेक्सामेथासोन आहे: ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो, रोज एकदा, पाच दिवस. साधारण चौथ्या ते सातव्या दिवसापासून नाकात विषाणू सापडू लागतो, आणि गाय बहुधा ठणठणीत दिसत असते.

कारण विषाणूच्या डीएनएतच लिहिलेलं आहे. 'तात्काळ' जनुकांच्या स्विचमध्ये ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहकाला चिकटायची जागा आहे. कॉर्टिसोल किंवा डेक्सामेथासोन पेशीत आलं, ग्राहकाला जोडलं गेलं, की ती जोडगोळी थेट विषाणूचा स्विच दाबते. शिवाय स्टिरॉइड प्रतिकारपेशींनाही दाबतं, म्हणजे दार उघडलं आणि राखणदारही झोपला. ट्रकमधला लांबचा प्रवास, व्यायला टेकणं, खुराकात अचानक बदल, अनोळखी गायींत सोडणं, या सगळ्यांत शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल तेच काम करतं. 'ताणामुळे आजार उफाळतो' हे वाक्य इथे रासायनिक अर्थाने शब्दशः खरं आहे.

चंदी

व्यवहारात असं करा. एक इंजेक्शन म्हणजे पाच दिवसांचा प्रयोग नव्हे, त्यामुळे धोका त्या प्रमाणात कमी. पण किटोसिसला पर्याय असताना वाहक गायीला स्टिरॉइड का? प्रोपिलीन ग्लायकॉल ३०० मिली रोज एकदा तोंडाने, ३ ते ५ दिवस. सोबत शिरेतून डेक्स्ट्रोज. बाटली घाईने ओतली तर फुफ्फुसात जाईल, डोकं फार वर उचलू नका. जनावराला न्यूमोनिया असेल किंवा गाभण काळाचे शेवटचे महिने असतील तर स्टिरॉइड नकोच. त्या काळात डेक्सामेथासोन आयबीआर नसतानाही गाय व्यायला लावू शकतं.

स्टिरॉइड द्यावंच लागलं तर ती गाय पुढचे १५ दिवस गाभण गायींपासून वेगळी बांधा. पाण्याची हौदी वेगळी.

रेतनकांडी

कोणी वळूबद्दल बोललंच नाही. गोठ्यात विषाणू येण्याचे दोन मोठे रस्ते: बाजारातून आणलेली गाय, आणि वीर्य. नैसर्गिक रेतनाचा गावठी वळू हा तर सर्वात धोकादायक. सॅक्रल गाठीतून विषाणू शिस्नाच्या आवरणावर येतो, तिथून वीर्यात. वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला गेलं की विषाणूही वीर्यासारखाच वर्षानुवर्षं टिकतो. कांडीतली (वीर्याच्या नळीतली) प्रतिजैविकं जंतूंसाठी असतात, विषाणूला त्यांचा स्पर्शही नाही.

आपल्या देशातल्या गोठित वीर्यकेंद्रांच्या मानकांनुसार आयबीआर पॉझिटिव्ह वळू वेगळे ठेवून त्यांच्या वीर्याची प्रत्येक तुकडी पीसीआरने तपासावी लागते. एकदा तपासून भागत नाही, कारण विषाणू अधूनमधून बाहेर पडतो: आजची तुकडी स्वच्छ, पुढच्या महिन्याची नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या पद्धतीत एका तुकडीतल्या तीन कांड्या तपासतात. वीर्य स्वतः पीसीआरला अडवतं आणि पेशींना विषारी असतं, त्यामुळे डीएनए काढताना केलेक्स राळ वापरून ते साफ करावं लागतं. साफसफाई नीट नसेल तर खोटा निगेटिव्ह येतो. अंतर्गत नियंत्रण (चाचणी स्वतः नीट चालली का हे दाखवणारी तपासणी) चाललंय का, हे रिपोर्टमध्ये बघा.

शेतकऱ्याने एवढंच करावं: कांडीवर केंद्राचं नाव, वळूचा क्रमांक आणि तारीख नसेल तर ती वापरू देऊ नये. गाय सारखी उलटत (पुन्हा माजावर येत) असेल तर दोष आधी कांडीत शोधण्यापेक्षा माज ओळखण्यात शोधा. पण एकाच वळूच्या कांडीनंतर तीन-चार गायींना योनीत पुटकुळ्या दिसल्या तर तुकडी क्रमांक कळवा.

अंडज

थोडं अवांतर, पण पोल्ट्रीत हर्पिसचा अनुभव बराच जुना आहे. योसेफ मारेक यांनी १९०७ मध्ये बुडापेस्टमध्ये लंगड्या कोंबड्यांचं वर्णन केलं तो मारेकचा आजार अल्फा हर्पिसच. फरक असा की हा मज्जातंतूत नाही तर टी-पेशींत दडतो. त्याचा डीएनए कोंबडीच्या गुणसूत्रांच्या टोकांत मिसळतो आणि मेक नावाचं जनुक पेशीला कर्करोगाच्या गाठींकडे ढकलतं. पूर्ण, मोकळे कण फक्त पिसाच्या मुळातल्या पेशींत तयार होतात आणि कोंड्याबरोबर धुळीत पडतात. शेडमधली धूळ महिनोन्‌महिने संसर्गक्षम राहते.

लस देताना चुका इथे होतात. पेशीबद्ध लस नायट्रोजनमधून काढल्यावर २७ अंशाच्या पाण्यात ६० ते ९० सेकंदांत वितळवा. गरम पाण्यात टाकली किंवा हवेवर सावकाश वितळू दिली तर आतल्या जिवंत पेशी फुटतात, आणि विषाणू पेशीतच असल्याने लसच जाते. काचेची कुपी फुटू शकते: चेहऱ्यावर ढाल आणि हातमोजे हवेत. जाड, १८ नंबरच्या सुईने हळू ओढा. विरळण (लस पातळ करायचा द्रव) तपासून वापरा, मनाने त्यात प्रतिजैविक मिसळू नका. तयार द्रावण तासाभरात संपवा, दर ५-१० मिनिटांनी हलक्या हाताने फिरवत राहा, नाहीतर पेशी तळाला बसतात आणि पहिल्या पिल्लांना पाणी व शेवटच्यांना लगदा मिळतो. एका दिवसाच्या पिल्लाला मानेत कातडीखाली ०.२ मिली.

मग पहिला आठवडा-दीड आठवडा ब्रूडर जुन्या कोंबड्यांपासून दूर, कारण लस लागू व्हायच्या आत जंगली विषाणू पोचला तर लस हरते. ही लस गाठी रोखते, संसर्ग आणि धुळीतला विषाणू रोखत नाही. त्यामुळे 'लस दिली, आता शेड धुवायची गरज नाही' हे गणित चुकीचं.

चंदी

अवांतर नाही, हाच मुद्दा आयबीआरच्या लशीलाही लागू. लस आजार सौम्य करते, बाहेर पडणारा विषाणू कमी करते, गाभडणं कमी करते. आधीच वाहक असलेल्या गायीच्या गाठीतून विषाणू काढत नाही.

सोंडसांगाती

हत्तीचाही एक उल्लेख. आशियाई हत्तींच्या १ ते ८ वर्षांच्या पिल्लांना मारणारा ईईएचव्ही हा हर्पिसच. २०१९ मध्ये ओडिशातल्या नंदनकाननमध्ये काही आठवड्यांत चार पिल्लं गेली. प्रौढ हत्तींच्या सोंडेच्या धुवणात तो अधूनमधून सापडतो आणि त्यांना काही होत नाही. आईची प्रतिपिंडं ओसरलेल्या पिल्लात तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरात वाढतो, जीभ निळी पडते, डोकं सुजतं, आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. म्हणून बंदिवासातल्या पिल्लांचं रक्त दर आठवड्याला पीसीआरने तपासतात. लक्षणं दिसण्याआधी रक्तातला विषाणू वाढू लागतो, आणि फॅमसायक्लोव्हिर व द्रव देण्याची वेळ तीच. तो अजून प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढवता आलेला नाही, त्यामुळे औषध खरंच लागू पडतं का याची थेट चाचणी अवघड.

खरारा

परत गोठ्यात येऊ. डेन्मार्क, स्वित्झर्लंड, जर्मनी आयबीआरमुक्त झाले म्हणतात. आपल्याला ४० गायींच्या गोठ्यात जमेल का?

चंदी

त्या देशांनी पॉझिटिव्ह जनावरं काढून टाकली. जिथे प्रमाण जास्त होतं तिथे आधी जी-ई वगळलेली लस देऊन प्रमाण खाली आणलं आणि मग काढली. जर्मनीला २०१७ उजाडलं. आपल्याकडे 'काढून टाकणं' हा मार्ग नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने गाय आणि २०१५ पासून वळू-बैलही कत्तलीबाहेर. पॉझिटिव्ह गाय बाजारात विकणं म्हणजे आजार शेजारच्या तालुक्यात पाठवणं, आणि गाय तिथे प्रवासाच्या ताणाने विषाणू सोडतच पोचते. विकू नका.

४० गायींत मी असं करेन. सगळ्यांची (९ महिन्यांवरची) जी-बी चाचणी एकाच दिवशी. पॉझिटिव्ह निम्म्याहून जास्त निघाले तर वेगळं बांधण्यात अर्थ नाही, तिथे लशीचा विचार करा: जी-ई वगळलेलीच, लेबलप्रमाणे दोन मात्रा आणि नियमित बूस्टर, सगळ्या कळपाला. साधी लस एकदा दिली की पुढे जंगली संसर्ग आणि लस वेगळे ओळखता येत नाहीत, ते नुकसान कायमचं. जिवंत पारंपरिक लस गाभण गायीला नको, आणि माजाच्या सुमारास कोऱ्या (आधी संसर्ग किंवा लस न झालेल्या) कालवडीलाही नको, कारण लशीतला विषाणू अंडाशयातल्या पीतपिंडाला मारू शकतो.

पॉझिटिव्ह थोडे असतील तर दोन दावणी, मध्ये किमान ५ मीटर. नाकातले थेंब त्याहून फार दूर सहसा जात नाहीत. दूध काढणं, वैरण, औषधोपचार, सगळं आधी निगेटिव्ह दावणीचं. वेसण, मोरकी, औषध पाजायची नाळ, थर्मामीटर वेगळे. पॉझिटिव्ह गायींच्या कालवडींना चीक जरूर पाजा, तो तोडू नका. पण त्यांना आईजवळ न ठेवता वेगळ्या ठिकाणी वाढवा, ९ महिन्यांना तपासा, निगेटिव्ह निघाल्या तर निगेटिव्ह दावणीत. म्हाताऱ्या पॉझिटिव्ह गायी आपापल्या वयाने जातील. ६ ते ८ वर्षं धरा. निगेटिव्ह दावणीची दर ६ महिन्यांनी तपासणी.

लोणी, घोडेगाव किंवा कुठल्याही बाजारातून आणलेली गाय ३० दिवस वेगळी. आल्याबरोबर एक रक्त, चौथ्या आठवड्यात दुसरं. दुसऱ्या रिपोर्टआधी दावणीत नाही. बरेच जण पहिल्या रिपोर्टवरच समाधान मानतात आणि तिथेच आजार शिरतो.

गव्हाणी

शेवटचं एक. गाय गाभडली, जागा कशाने धुवायची? चुना टाकला की झालं?

शीतपेटी

विषाणूवर चरबीचं आवरण असल्याने तो मारायला सोपा, पण शेणाखाली लपला तर काहीच पोचत नाही. आधी शेण-माती खरवडून काढा, पाण्याने धुवा, वाळू द्या. मग ०.५ टक्के कॉस्टिक सोडा (१० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही), किंवा १ टक्का क्वाटर्नरी अमोनियम. कॉस्टिक सोड्यानंतर अर्ध्या तासाने भरपूर पाणी मारा, नाहीतर खुरं आणि सड सोलतात. अॅल्युमिनियमची भांडी आणि दूधयंत्र त्यापासून दूर. वार आणि वासरू चार फूट खड्ड्यात चुन्यासह पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. चुना खड्ड्यात ठीक, नुसता दावणीवर भुरभुरवून काम होत नाही.

विषाणू ५६ अंशाला २०-२५ मिनिटांत मरतो, पण २२ अंशाला ५० दिवसांपर्यंत टिकू शकतो. म्हणजे उन्हाळ्यात पत्र्याखालची कोरडी दावण स्वतःच मदत करते, पावसाळ्यात ओल्या कोपऱ्याकडे दुप्पट लक्ष. पाण्याची हौदी विसरू नका. आजारी गाय पहिलं नाक तिथेच बुडवते, म्हणून हौदी रिकामी करून घासून मगच भरा.